तंत्रशंका : स्टार दिसतात, ठळक अक्षर दिसत नाही

या वेळच्या टपालात चॅटबॉटचाच सुळसुळाट आहे. पत्रं वेगवेगळ्या लोकांची, तक्रार मात्र एकाच गोत्रातली : बॉट उत्तर बरोबर देतो, पण ते विस्कटलेलं दिसतं. सगळ्यात सविस्तर पत्र आधी घेते, बाकीची मागून.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या सभासदांसाठी मी चॅटबॉट केला आहे. पुस्तक शिल्लक आहे का, मुदत कशी वाढवायची, असं सभासद विचारतात आणि उत्तर एआय मॉडेल तयार करतं. संगणकावर चाचणी घेतो तेव्हा मथळे ठळक, मुद्दे एकाखाली एक, सगळं देखणं दिसतं. तेच उत्तर व्हॉट्सॲपवर गेलं की शब्दांच्या दोन्ही बाजूंना स्टार आणि ओळीच्या सुरुवातीला हॅश. टेलिग्रामवर तर तीन तऱ्हा. काही उत्तरांत स्टार नसतात, पण अक्षर ठळकही नसतं. काही उत्तरं अगदी नीट येतात. काही स्टारांसकट जशीच्या तशी. ‘फॉरमॅटिंग सांभाळ’ अशी सूचना मॉडेलला दिली, तर गोंधळ उलट वाढला. फॉरमॅटिंग नेमकं कुठे गळतं?

उत्तर : मॉडेलकडून ठळक अक्षर मुळात निघतच नाही, त्यामुळे ते गळायचा प्रश्न येत नाही. मॉडेल पाठवतं त्या खुणा. शब्दाच्या आधी दोन स्टार, नंतर दोन स्टार, म्हणजे ‘हा शब्द ठळक कर’ असा पुढच्याला निरोप. पुढच्याला तो कळला तर शब्द ठळक होतो आणि स्टार नाहीसे होतात. कळला नाही तर तो स्टारच दाखवतो. माझी बरीच वर्षं मुद्रितशोधनात गेली आहेत, त्यामुळे हा प्रकार मला ओळखीचा वाटतो : समासातली खूण न समजणारा नवशिका जुळारी ती खूणच मजकुरात जुळवून मोकळा व्हायचा.

मॉडेलं ज्या खुणा वापरतात त्या मार्कडाउनच्या. जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये ही पद्धत जाहीर केली. ती घडवण्यात ॲरन स्वार्ट्झ यांचाही हात होता. वेबसाठी लिहिणाऱ्याला साध्या मजकुरात लिहिता यावं आणि नंतर त्याचं एचटीएमएल (वेबपानाची भाषा) करून घेता यावं, एवढाच हेतू. तुमची चाचणी वेबपानावर चालते आणि तिथे मार्कडाउन वाचणारं काहीतरी बसलेलं आहे, म्हणून ती देखणी दिसते. चाचणी आणि खरा वापर अशा दोन वेगळ्या पडद्यांवर झाला की हे व्हायचंच.

व्हॉट्सॲपनं २०१६ मध्ये ठळक आणि तिरपं अक्षर आणलं ते स्वतःच्या खुणांनी. तिथे एक स्टार म्हणजे ठळक. मार्कडाउनमध्ये एक स्टार म्हणजे तिरपं आणि दोन म्हणजे ठळक. स्लॅकलाही ठळक करायला एकच स्टार पुरतो, डिस्कॉर्डला दोन लागतात. २०२४ मध्ये व्हॉट्सॲपनं मुद्द्यांची यादी, क्रमांकांची यादी आणि अवतरणासाठीची खूण आणली, पण मथळ्याची खूण नाही आणि तक्त्याचीही नाही. त्यामुळे तुमच्या मॉडेलनं मोठ्या हौशीनं दिलेला हॅश तिथे हॅश म्हणूनच उरतो. एवढ्यात व्हॉट्सॲपचं कोडं सुटलं.

टेलिग्रामची गोष्ट जास्त मजेची आहे. तुमच्या तीन तऱ्हांना तीन वेगळी कारणं आहेत.

टेलिग्रामवर बॉटकडून संदेश पाठवताना ‘पार्स-मोड’ नावाचा एक पर्याय द्यावा लागतो : मजकुरातल्या खुणा कोणत्या नियमानं वाचायच्या ते तो सांगतो. तो दिलाच नाही तर खुणा खुणाच राहतात. तुम्ही सोबत पाठवलेल्या कोडमध्ये तो ‘मार्कडाउन’ असा दिला आहे. नावावर जाऊ नका. हा टेलिग्रामचा स्वतःचा जुना प्रकार आहे आणि त्यातही ठळकसाठी एकच स्टार लागतो. आता मॉडेलनं ‘मुदत’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन स्टार लावून पाठवले की काय होतं ते सावकाश पाहा. पहिला स्टार आला : ठळक सुरू. लगेच दुसरा स्टार आला : ठळक बंद. मध्ये काहीच नाही. मग ‘मुदत’ हा शब्द आला, साधा. मग पुन्हा सुरू, पुन्हा बंद. चारही स्टार नियमाप्रमाणे वापरले गेले, म्हणून ते दिसत नाहीत. शब्द त्यांच्या बाहेरच राहिला, म्हणून तो ठळक नाही. ही झाली पहिली तऱ्हा.

दुसरी तऱ्हा, म्हणजे जी उत्तरं नीट येतात ती, तुमच्या त्या सूचनेमुळे. ‘फॉरमॅटिंग सांभाळ’ म्हटल्यावर मॉडेल कधी दोन स्टार लावतं, कधी एक. एक लागला की टेलिग्रामवर शब्द ठळक होतो आणि तुम्हाला वाटतं, जमलं. जमलेलं काही नसतं.

तिसरी तऱ्हा तुमच्या कोडमध्येच दडली आहे. संदेशात एखादी खूण उघडून बंद झाली नाही, तर टेलिग्राम तो अर्धवट दाखवत नाही, सरळ नाकारतो. पुस्तकाच्या दुव्यात किंवा फाइलच्या नावात एकच अंडरस्कोअर (_) असला तरी पुरतो : टेलिग्रामला वाटतं तिरपं अक्षर सुरू झालं, आणि शेवट काही सापडत नाही. मुद्द्यांच्या यादीला मॉडेलनं ओळीच्या सुरुवातीला स्टार लावले आणि ते विषम संख्येत निघाले, तरी हेच. ज्याचं कोड तुम्ही उतरवून घेतलंत त्यानं यावर सोय करून ठेवली आहे : नकार आला की तोच मजकूर पार्स-मोडशिवाय पुन्हा पाठवायचा. सोय चांगली आहे, सभासदाला उत्तर तरी मिळतं. पण ती गुपचूप चालते, कुठे नोंद होत नाही, त्यामुळे आज ठळक दिसलं आणि उद्या नाही याचा उलगडा तुम्हाला होत नाही. आधी ही नोंद सुरू करा. नाकारलेला मजकूर अख्खा आणि सोबत आलेली चूक, दोन्ही साठवा.

ती चूक वाचताना एक लक्षात ठेवा. खुणेचा शेवट अमुक बाइटपासून सापडला नाही, असं टेलिग्राम कळवतं. तो आकडा बाइटचा (संगणकाच्या साठवणीचं माप), अक्षरांचा नव्हे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर साठवण्याच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा-वेलांट्यासुद्धा; मधली मोकळी जागा १ बाइट. ‘क्षि’ दिसायला एक अक्षर, पण आत क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी ४ चिन्हं, म्हणजे १२ बाइट. त्या आकड्याइतकी अक्षरं मोजत बसलात तर उत्तर संपेल आणि तुम्ही मोजतच राहाल.

आता उपाय. कुणीतरी तुम्हाला सांगेल की नवा ‘मार्कडाउन-व्ही-२’ वापरा. माझं मत विचाराल तर मॉडेलच्या मजकुरासाठी त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यात १८ चिन्हं राखीव आहेत. ती साध्या मजकुरात आली तर प्रत्येकाच्या आधी बॅकस्लॅश (उलटी तिरपी रेघ) द्यावा लागतो. कंस, वजाबाकीचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पूर्णविराम, सगळे त्यात आले. मराठीत आपण वाक्याचा शेवट टिंबानंच करतो, म्हणजे दर वाक्याला एक बॅकस्लॅश. (हिंदीवाले दंडामुळे इथे सुटतात, हे पाहून जरा असूया वाटते.) एचटीएमएल हा पर्याय घ्या. तिथे सांभाळायची चिन्हं तीनच : लहान-मोठ्याची दोन टोकदार चिन्हं आणि अँपरसँड (&). मात्र ठळक, तिरपं, अधोरेखित, खोडलेलं, दुवा, कोड, अवतरण अशा मोजक्याच टॅगना (एचटीएमएलच्या खुणांना) टेलिग्राम ओळखतं. परिच्छेदाचा, यादीचा किंवा मथळ्याचा टॅग पाठवलात की पुन्हा नकार. मथळा ठळक ओळ म्हणून पाठवा, यादीला साधा ठिपका द्या.

आणि मॉडेलला सूचना देऊन हे सुटेल ही आशा सोडा. मॉडेलला मार्कडाउनची सवय आहे, ते त्यालाच लिहू द्या. मग ते मार्कडाउन नीट वाचणारी तयार लायब्ररी (दुसऱ्यानं लिहून ठेवलेला कोड) घ्या, तिच्याकडून मजकुराची फोड करून घ्या आणि प्रत्येक ॲपसाठी त्या फोडीवरून नवा मजकूर घडवा. ‘दोन स्टार शोधा, एक घाला’ हा झटपट मार्ग दिवसभर चालतो आणि मग यादीचे स्टार, गुणाकाराचे स्टार, कोडमधले स्टार त्यात सापडतात.

लांब उत्तरांचं एक राहिलं. टेलिग्रामच्या एका संदेशात ४०९६ चिन्हं मावतात. त्यापुढचं उत्तर तुमचा कोड ४०९६ वर कचकन कापतो. ठळक मजकूर त्या कापात सापडला तर पहिल्या तुकड्यात खूण उघडी राहते आणि दुसऱ्यात नुसती बंद होते. दोन्ही साधे होतात. परिच्छेद संपतो तिथे कापा, आणि कापल्यावर रूपांतर करा, आधी नको. उत्तर टप्प्याटप्प्यानं उमटताना दाखवत असाल तर दर टप्प्याला हाच धोका आहे. उमटेपर्यंत साधा मजकूर दाखवा आणि शेवटच्या दुरुस्तीत फॉरमॅटिंग चढवा.

प्रश्न : परीक्षेची माहिती देणारा बॉट आमच्या शाळेच्या संकेतस्थळावर आहे. त्याला मराठी आकडे वापरायला सांगितल्यापासून १, २, ३ असे क्रमांक दिलेले नियम एकाच परिच्छेदात सलग येतात. इंग्रजी आकड्यांनी यादी नीट पडत होती. शिवाय अवतरणचिन्हांतल्या काही शब्दांभोवती स्टार तसेच राहतात, काहींभोवती राहत नाहीत. मराठीवर हा राग का?

उत्तर : राग नाही, नियम लिहिताना आपली आठवण कुणाला झाली नाही इतकंच. मार्कडाउनच्या प्रमाणित नियमांत क्रमांकाची यादी फक्त इंग्रजी आकड्यांनीच सुरू होते. देवनागरी १ आणि टिंब हे त्याच्या लेखी साधं वाक्य. आणि साध्या वाक्यांच्या मध्ये एकदाच ओळ तोडली तर मार्कडाउन ती मोकळी जागा समजतं, म्हणून सगळे नियम एका रांगेत येतात.

दोन उपाय आहेत. तुमच्या लायब्ररीत ‘ओळ तोडली तिथे तोडलेलीच दाखव’ असा पर्याय बहुधा असेल. तो चालू करा. याहून स्वच्छ म्हणजे मॉडेलला यादीत इंग्रजी आकडेच लिहू द्या आणि पानाच्या सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत) यादीच्या क्रमांकांचा प्रकार ‘देवनागरी’ असा द्या. हा प्रकार ब्राउझरना माहीत आहे. यादी खरीखुरी यादी राहते आणि विद्यार्थ्याला १, २, ३ दिसतात.

आता स्टार. तुमच्या पत्रातलं उदाहरण असं होतं : आधी दोन स्टार, मग अवतरणचिन्हांसकट ‘नोंदणी’, मग दोन स्टार आणि त्यांना चिकटून ‘च्या’. बंद होणाऱ्या स्टारांच्या अलीकडे विरामचिन्ह असेल आणि पलीकडे लगेच अक्षर, तर मार्कडाउन त्यांना बंद करणारे स्टार मानत नाही. हा नियम केला गेला तो शब्दांमध्ये मोकळी जागा सोडणाऱ्या आणि प्रत्यय वेगळे लिहिणाऱ्या भाषा नजरेसमोर ठेवून. आपल्याकडे च्या, ला, त, साठी हे शब्दाला चिकटून येतात, म्हणून अवतरणचिन्ह, स्टार, प्रत्यय ही रांग आपल्याकडे वारंवार लागते. अवतरणचिन्ह नसेल तर तेच चालतं. तुम्हाला काही शब्द नीट दिसतात ते त्यामुळे. प्रत्यय स्टारांच्या आत घ्या, म्हणजे बंद करणारे स्टार ‘च्या’नंतर द्या. किंवा अवतरणचिन्हं बाहेर काढा, म्हणजे स्टार अवतरणचिन्हांच्या आत, नुसत्या नोंदणी या शब्दाला लावा. मला दुसरं आवडतं, कारण ठळक फक्त शब्द होतो. पण बॉट व्हॉट्सॲपवरही न्यायचा असेल तर प्रत्यय थेट स्टारला चिकटू देऊ नका. स्टारला चिकटलेल्या प्रत्ययाचा तिथे भरवसा नाही.

याच ओघात : साचा करून त्यात शब्द भरत असाल तर स्टारनंतर नुसता काना किंवा मात्रा येणार नाही हे बघा. ‘अर्ज’ ठळक करून बाहेर ‘ाचा’ ठेवलात, तर काना आधाराला अक्षर शोधतो, त्याला स्टार सापडतो, आणि पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. आणि तिरप्या अक्षराच्या नादी लागू नका. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांत खरा तिरपा साचा नसतोच. ब्राउझर सरळ अक्षर ढकलून वाकवतो आणि वेलांट्या एकमेकींच्या अंगावर जातात.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आमचा बॉट आठवणीचे संदेश पाठवतो. त्यात आम्ही चार ओळी देतो, लोकांना एकच लांब ओळ मिळते. पण त्यांनी काही विचारलं आणि बॉटनं उत्तर दिलं की ओळी व्यवस्थित. एकाच बॉटचे दोन चेहरे?

उत्तर : संदेशच दोन प्रकारचे आहेत. माणसानं लिहिल्यापासून २४ तासांत बॉट मोकळेपणानं उत्तर देऊ शकतो. तिथे ओळी तोडल्या तर तुटतात. त्या मुदतीबाहेर आपण होऊन काही पाठवायचं तर आधी मंजूर करून घेतलेला साचा वापरावा लागतो, आणि साच्यातल्या रिकाम्या जागेत भरायच्या मजकुरात नवी ओळ, टॅब किंवा सलग चारपेक्षा जास्त मोकळ्या जागा चालत नाहीत. तसं भरलं की संदेश नाकारला जातो. तुमच्या कोडमध्ये कुणीतरी शहाणपणानं नव्या ओळीच्या जागी मोकळी जागा घालून नकार टाळलेला दिसतो. ओळी साच्यातच तोडा : तारखेची वेगळी जागा, वेळेची वेगळी, ठिकाणाची वेगळी. मंजुरी पुन्हा घ्यावी लागेल.

कुणाला ओळ तुटण्याऐवजी बॅकस्लॅश आणि इंग्रजी एन असं अक्षरशः दिसत असेल तर तो आजार वेगळा. मजकूर जेसनमध्ये (माहिती पाठवायच्या एका ठरावीक बांधणीत) बांधताना दोनदा बांधला गेला आहे. एकदाच बांधा.

प्रश्न : मी बॉट वगैरे बनवत नाही. एआयला विचारलेलं उत्तर कॉपी करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकते आणि सगळीकडे स्टार येतात. ‘एवढे तारे का तोडलेस?’ असं भाऊ विचारतो.

उत्तर : भावाला माझ्याकडून शाबासकी द्या. प्रश्न विचारतानाच शेवटी लिहा : ‘उत्तर साध्या मजकुरात दे, कुठल्याही खुणा नकोत, तक्ता नको.’ एकाच वेळचं काम आहे, त्यामुळे इथे सूचना पुरते. चुकलं तर तुम्ही पाठवण्याआधी पाहणारच आहात. तक्ता नको हे मुद्दाम सांगा. उभ्या रेघांनी आखलेला तक्ता फोनच्या अरुंद पडद्यावर गेला की कोणता आकडा कुणाचा ते ओळखता येत नाही.

प्रश्न : इतका खटाटोप कशाला? ठळक दिसलं नाही म्हणून कुणाचं काय अडतं? मजकूर पोचल्याशी मतलब.

उत्तर : ठळकपुरतं तुमचं बरंचसं खरं आहे. स्टार पाहून डोळस माणूस वैतागतो आणि पुढे जातो. मजकूर ऐकून वापरणाऱ्यांचं मात्र अडतं. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर अनेकदा प्रत्येक खूण उच्चारतं आणि ‘स्टार स्टार मुदत स्टार स्टार’ असं कानावर पडत राहतं.

खरी पंचाईत खोडलेल्या अक्षरांची. बॉटनं दुरुस्ती कळवताना ‘मुदत ~५ तारखेपर्यंत~ ६ तारखेपर्यंत’ असं पाठवलं. खूण कळणाऱ्या ॲपवर ५ वर काट येते. मार्कडाउनच्या विस्तारित प्रकारांत खोडायला सहसा दोन टिल्ड (~) लागतात, मार्कडाउन वाचणारी काही सॉफ्टवेअरं एकावरही भागवतात, म्हणून काही ठिकाणी काट येते, काही ठिकाणी नुसत्या लाटा दिसतात. आणि खुणा सरसकट पुसून साधा मजकूर पाठवणारा बॉट असेल तर हाती पडतं : ‘मुदत ५ तारखेपर्यंत ६ तारखेपर्यंत’. यातली खरी तारीख कोणती हे वाचणाऱ्यानं कसं ठरवायचं? एसएमएसवर फॉरमॅटिंग नसतंच, तिथे दरवेळी हेच होणार. रंगाचंही तसंच, ‘लाल रंगातल्या तारखा रद्द’ हे वाक्य रंग गेला की निरर्थक.

म्हणून तुमच्या बॉटला, आणि बॉटला उत्तरं लिहून देणाऱ्या माणसांनाही, एवढी एक अट घाला : काट मारायची नाही, शब्दांत सांगायचं. ‘मुदत आता ६ तारखेपर्यंत आहे. आधी ५ तारीख कळवली होती, ती रद्द.’ मग वाटलं तर ६ ठळक करा.